यादीत नसलेलं नाव

पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मेहुल आणि उन्नती दोघंही माझेच विद्यार्थी. सोळा-सतरा वर्षांच्या अंतरानं त्याच वर्गात बसलेले. दोघांची गाठ मीच घालून दिली.

मेहुल वाडीवाल्यांचा मुलगा. केळी, पानवेली, थोडे चिकू, असं घरचं बरं होतं. माझ्या हाताखालून गेलेला तो पहिला डॉक्टर. पुढे रेडिओलॉजिस्ट झाला आणि त्यानं दोन सोनोग्राफी केंद्रं काढली, एक पालघरला, दुसरं बोईसरला नवापूर नाक्याकडे. दर गुरुपौर्णिमेला वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन माझ्याकडे यायचा, वाकून नमस्कार करायचा, चहा घेऊन जायचा. मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढे जे केलं ते का केलं, ते कळेल.

उन्नती तामोरे बंदराकडच्या वस्तीतली. वडील नामदेव बोटीवर जायचे, आई चंद्रकांता पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. सातवीत आवाजाचा धडा शिकवताना मी वटवाघळाचं उदाहरण दिलं, तेव्हा ही उभी राहिली.

"बाई, आमच्या बोटीवर पण तसली मशीन हाय. ती पाण्यात आवाज सोडते. खाली मासा असला की पडद्यावर दिसतो."

वर्ग हसला, पण तिचं बरोबर होतं. मी त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं आणि सांगितलं की याच रीतीनं माणसाच्या पोटातलंही बघता येतं, कुठेही न कापता. शाळा सुटल्यावर ती माझ्या मागे मागे आली. पोटातलं म्हणजे काय काय दिसतं? हलताना दिसतं का? ते बघायचं काम कोण करतं? "डॉक्टर," मी म्हटलं.

बारावीला तिला बरे गुण मिळाले, पण डॉक्टर व्हायला पुरतील इतके नव्हते. तिनं विरारला दोन वर्षांचा एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला आणि पालघरच्या एका हाडांच्या दवाखान्यात कामाला लागली. वर्षभरानं एका रविवारी घरी आली. चेहऱ्यावर कंटाळा होता.

"एक्स-रेत सगळं थांबलेलं असतं, बाई," ती म्हणाली. "मला हलतं बघायचंय."

मी तिच्यासमोरच मेहुलला फोन लावला. "बाई, तुमची विद्यार्थिनी म्हटल्यावर मी वेगळं काय विचारायचं?" तो म्हणाला. पुढच्या सोमवारी ती बोईसरच्या केंद्रात रुजू झाली.

कागदोपत्री ती तिथेही एक्स-रेसाठीच होती. पण मेहुलनं तिला सोनोग्राफीच्या खोलीत उभं राहू दिलं, आणि तीन-चार महिन्यांनी तिच्या हातात प्रोब दिला, म्हणजे पोटावर फिरवायचं मशीनचं टोक. सुरुवातीचे ते दिवस तिनं मला इतक्या वेळा सांगितलेत की मी स्वतः तिथे असल्यासारखं वाटतं. प्रोब पेनासारखा धरायचा नाही. दाबायचा नाही, टेकवायचा. पेशंटला श्वास घेऊन धरून ठेवायला सांगायचं, म्हणजे यकृत फासळ्यांच्या खाली उतरतं. पित्ताशयात खडा असला की त्याच्या मागे काळी सावली पडते, आणि पेशंटला कुशीवर वळवलं की खडा घरंगळतो. जे घरंगळत नाही त्याच्याकडे नीट बघायचं. मेहुल चांगला शिकवायचा, हे तीही नाकारत नाही. तिचा हात इतका बसला की वर्षभरानं तो स्वतःच म्हणायला लागला, "किडनी तू बघ, तुला माझ्याआधी दिसते."

तिनं त्याला अगदी पहिल्यांदाच विचारलं होतं. "सर, मी हे केलेलं चालतं का? कोर्सला असताना सांगितलं होतं की सोनोग्राफी डॉक्टरांनीच करायची."

"तो कायदा गरोदर बायकांसाठी," मेहुल म्हणाला होता. "मुलगा-मुलगी सांगू नये म्हणून. त्या पेशंट मी संध्याकाळी स्वतः बघतो. पोट, किडनी, लिव्हर तू कर. बाहेरच्या देशांत सगळं टेक्निशियनच करतात, इथेही होणार आहे. केंद्राच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला तुझं नाव टाकतोय मी."

तो तिचा सर होता, माझा विद्यार्थी होता, तिच्याच गावचा होता. तिनं पुन्हा विचारलं नाही.

हळूहळू मेहुलचं बोईसरला येणं कमी झालं. पालघरला पेशंट जास्त, तिथे तोच लागायचा. बोईसरला औद्योगिक वसाहतीतले कामगार, आजूबाजूच्या गावांतली माणसं सकाळपासून रांगेत असायची. उन्नती त्यांना बघायची, चित्रं केंद्राच्या मोबाइलवरून मेहुलला पाठवायची, आणि पलीकडून दोन शब्द यायचे: 'नॉर्मल लिही' किंवा 'सहा एमएम खडा'. ड्रॉवरमध्ये त्याच्या सहीचे कोरे कागद ठेवलेले असायचे. ती रिपोर्ट छापायची आणि काउंटरवरची अर्चना तो पाकिटात घालून द्यायची.

अर्चना आणि ती एकाच डब्यात जेवायच्या. अर्चनाचे वडील कारखान्यात भाजले होते, घर तिच्या पगारावर होतं. पेशंटला आत पाठवताना तीच म्हणायची, "जा काका, मॅडम बघतील." मॅडम म्हणजे उन्नती. उन्नतीला आधी संकोच वाटायचा, मग सवय झाली, मग आवडायलाही लागलं. हेही तिनंच मला सांगितलं, काही न लपवता.

दुसऱ्या वर्षी नोंदणीचं नवं प्रमाणपत्र आलं. चौकटीत घालून काउंटरमागच्या भिंतीवर लावलं. मशीन कोण वापरणार त्यांची नावं त्यात असतात. उन्नतीनं स्टुलावर चढून ती यादी वाचली. फक्त मेहुलचं नाव होतं.

"तुझी यादी वेगळी," मेहुल म्हणाला. "ती ऑफिसात जमा असते, भिंतीवर नाही लागत."

"तेव्हा माझ्या मनात आलं होतं, बाई," तिनं मला नंतर सांगितलं. "पण ते खरं असावं असं मलाच वाटत होतं. म्हणून मी ते धरलं."

त्याच पावसाळ्यात पाम गावाहून मैनाबाई नावाची एक बाई आली. पन्नाशीची, भाजी पिकवून बोईसरच्या बाजारात विकणारी. दोन महिने कंबर दुखत होती आणि कुठूनतरी वाताची औषधं घेत होती. उन्नतीला डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला एक गोळा दिसला. आकार लहान होता, पण तो तिथला नव्हता. तिनं चित्रं पाठवली. उत्तर आलं, 'सिस्ट. नॉर्मल लिही.' तिनं फोन केला. "सर, सिस्ट असती तर आतल्या पाण्यामुळे काळं दिसलं असतं. हे भरीव आहे." तो घाईत होता. "उन्नती, मी सांगतोय ना." तिनं नॉर्मल लिहिलं नाही. मैनाबाईला रिपोर्ट न देता दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं, आणि मेहुलला सांगितलं की तुम्ही येऊन बघितल्याशिवाय मी कागद छापणार नाही. तो आला, चिडून आला. पाच मिनिटं पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्यानंच मैनाबाईला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. शस्त्रक्रिया वेळेत झाली. मैनाबाई बरी झाली आणि एक दिवस वालाच्या शेंगा घेऊन केंद्रात आली, ती थेट उन्नतीकडे. मेहुल त्या दिवशी तिथे होता. तो हसला, पण नंतर काही दिवस तो तिच्याशी तुटक बोलत होता, असं ती म्हणते.

फेब्रुवारीत तपासणी आली.

सकाळी साडेअकराची वेळ. तालुक्याच्या आरोग्य खात्याचे तिघं जण, दोन पुरुष आणि एक बाई, अर्चनाला ओळखपत्र दाखवून थेट आत आले. आत पलंगावर एक कामगार होता आणि उन्नतीच्या हातात प्रोब होता. बाईंनी विचारलं, "डॉक्टर कुठे आहेत?" उन्नतीनं सरळ सांगितलं, पालघरला. "मग तुम्ही कोण?" तिनं तेही सांगितलं. तिला भीती वाटली नाही. आपलं नाव ऑफिसातल्या यादीत आहे अशीच तिची समजूत होती. तिनं त्यांना तसं म्हटलंही. बाईंनी हातातली फाइल चाळली आणि नकारार्थी मान हलवली.

चाळीस मिनिटांत मेहुल आला. त्यानं तिघांना नमस्कार केला, खुर्ची ओढून बसला. उन्नती दाराशी उभी होती.

"ही आमची एक्स-रे टेक्निशियन," तो म्हणाला. "सोनोग्राफीच्या मशीनला हात लावायचा नाही, असं हिला मी बजावलं होतं. आज मला इमर्जन्सीसाठी पालघरला थांबावं लागलं. माझ्या मागे ती असं काही करत असेल, याची मला कल्पना नव्हती."

"सर," उन्नती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तो अधिकाऱ्यांना सांगत राहिला, "हुशार आहे, पण उतावीळ आहे. गावची मुलगी म्हणून मी ठेवली."

सकाळी ड्रॉवरमध्ये असलेले सहीचे कोरे कागद आता तिथे नव्हते. केंद्राचा मोबाइल दुरुस्तीला दिलाय, असं अर्चनानं सांगितलं. मग अर्चनाचाच जबाब लिहून घेतला. तिनं मान खाली घालून सांगितलं की डॉक्टर नसताना उन्नती स्वतःहून पेशंट आत घ्यायची, आपण तिला दोनदा हटकलं होतं. मशीनला सील लागलं. उन्नतीला बाकावर बसवून विचारपूस झाली आणि दुपारी तीनला तिला घरी जायला सांगितलं. ती स्कूटीवरून माहीमला कशी आली ते तिला आठवत नाही.

संध्याकाळी मेहुलचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच नम्र.

"बाई, थोडा घोळ झालाय. उन्नतीला तुम्ही समजावा. आठ दिवसांत तिला लेखी खुलासा द्यायचाय. तिनं एवढंच लिहायचं की शिकायच्या हौसेनं हात लावला, डॉक्टरांना माहीत नव्हतं. लहान आहे, पहिली चूक आहे, तिला सोडतील. माझं रजिस्ट्रेशन गेलं तर दोन्ही केंद्रं बंद पडतील. वीस माणसं आहेत माझ्याकडे. नंतर तिला कुठेही लावून देईन, शब्द देतो."

मी तिच्याकडे गेले. घराबाहेर चंद्रकांता सुकट निवडत होती. तिनं माझ्यासाठी पाट सरकवला नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

"मंगलाबाय," ती म्हणाली, "तुमीच नेलंत ना तिला तिकडं? मग आता तुमीच सांगा. आमच्या पोरीनं काय चोरी केली काय?"

"नाही," मी म्हटलं आणि आत गेले. उन्नती भिंतीला टेकून बसली होती. मी तिला मेहुलचं म्हणणं सांगितलं. आणि वर माझंही सांगितलं. त्याचं बरोबर नाही, पण तू लहान आहेस. कोर्टकचेऱ्या आपल्याला झेपायच्या नाहीत. चार ओळी लिहून मोकळी हो. मेहुल शब्द पाळेल.

ती भिंतीपासून पुढे सरकून बसली.

"बाई, तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी."

"सर पण असंच म्हणायचे. नाव टाकतो, तुझ्या भल्यासाठी." तिचा आवाज चढला नाही. "त्यांनी केलं ते मी समजू शकते, त्यांचं केंद्र आहे. अर्चनाला नोकरी पाहिजे. पण तुमचं काय जाणार होतं?"

खरं उत्तर असं होतं की मेहुल माझा होता. एकतीस वर्षांच्या नोकरीतलं ते माझं एक फळ होतं आणि ते किडलेलं आहे असं मला म्हणवत नव्हतं. त्याच्यासाठी मी हिला पुढे करायला निघाले होते. मी उठले आणि घरी आले.

दोन दिवसांनी मी परत गेले, एक वही आणि पेन घेऊन. "तुला जे लिहायचंय ते सांग," मी म्हटलं. "मी नीट मांडून देते."

तिनं लगेच होकार दिला नाही. नामदेव दाराशी जाळं दुरुस्त करत बसले होते, तेच म्हणाले, "लिव पोरी. जसं झालं तसं लिव. नाय लिवलं तर त्यांचं तेच खरं होईल."

तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. सोनोग्राफी मी केली. पावणेदोन वर्षं केली. डॉक्टरांनी शिकवली, डॉक्टरांनी सांगितली, डॉक्टरांनी न बघता सह्या दिल्या. मी परवानगी विचारली होती आणि मला आहे असं सांगण्यात आलं. "मी केली" हे पहिलं वाक्य मी खाली घेतलं होतं. तिनं ते पुन्हा वर घ्यायला लावलं.

पुढे खात्यानं रजिस्टरमधून पेशंटचे पत्ते काढले आणि काही जणांचे जबाब घेतले. बहुतेकांना आठवत नव्हतं, किंवा भानगड नको होती. मैनाबाईनं मात्र पालघरच्या ऑफिसात येऊन सांगितलं, "डॉक्टर नव्हताच. या पोरीनं बगितलं. तिनं बगितलं म्हनून मी हाय." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. तिच्या सांगण्यानं मेहुलचं खोटं उघडं पडलं, आणि उन्नतीनं मशीन वापरल्याचंही पक्कं झालं. बाहेर आल्यावर मैनाबाईनं तिला विचारलं, "माज्या बोलन्यानं तुला तरास तर नाय ना होनार?" उन्नती म्हणाली, "नाही मावशी." होणार हे तिला माहीत होतं.

मेहुलची नोंदणी स्थगित झाली, दोन्ही केंद्रं बंद झाली, खटला उभा राहिला. त्यात पहिला आरोपी मेहुल आणि दुसरी उन्नती. मेहुलनं चांगला वकील दिला. अपील केलं. आठ-नऊ महिन्यांत पालघरचं केंद्र पुन्हा सुरू झालं, बोईसरचंही झालं, फक्त बोईसरला दुसऱ्या डॉक्टरचं नाव लागलं. अर्चना त्याच काउंटरवर आहे. खटला अजून चालू आहे.

उन्नतीला दीड वर्ष कोणी कामावर घेतलं नाही. मुलाखतीला बसायची, नाव ऐकलं की समोरचा माणूस मोबाइल बघायला लागायचा. त्या दिवसांत ती आईबरोबर बाजारात बसली. बोंबील विकताना गिऱ्हाइकांमधले काही ओळखायचे. एकदा एका कामगारानं विचारलं, "मॅडम, आप इधर?" तिनं त्याला पाव किलो जास्त तोलून दिलं. बोईसरला रिक्षा स्टँडवर एकदा अर्चना भेटली. तिनं उन्नतीचा हात धरला. "मला नोकरी पाहिजे होती गं. सरांनी सांगितलं, तुला काही होणार नाही." उन्नती म्हणाली, "तू मला आधी सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, तुला पाहिजे तो जबाब दे. पण तू मला न सांगता दिलास." हात सोडवून घेऊन ती रिक्षात बसली.

शेवटी पालघरच्याच एका छोट्या दवाखान्यात तिला एक्स-रेचं काम मिळालं. तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्यावर केस आहे ना?" तिनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोनोग्राफीची खोली त्या बाजूला आहे. तिथे मी असतो. तुम्ही कधी आत यायचं नाही." तिला ते बरं वाटलं. ती मला म्हणाली, "बाई, एवढंच मला पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. हे काम कायद्यानं माझं नाही. मी रडले असते आणि दुसरं काहीतरी शिकले असते. मला पावणेदोन वर्षं ते माझं आहे असं वाटू दिलं."

सोनोग्राफी तिच्यातून गेलेली नाही. समोर कोणी पोट धरून बसलं की तिची नजर कुठे जाते ते मला दिसतं. डॉक्टरांना दाखवा, एवढंच सांगते.

आमच्यात आता येणंजाणं आहे, पण पूर्वीचं राहिलेलं नाही. ती मला बाई म्हणते, सणाला येते, प्रश्न विचारत नाही. मीही कुणासाठी फोन लावून देत नाही.

मागच्या डिसेंबरात शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. समितीनं प्रमुख पाहुणा म्हणून मेहुलला बोलावलं आणि त्याची ओळख मी करून द्यावी असं ठरवलं. मी नाही म्हटलं. कारण विचारलं, तेही सांगितलं. समितीतले दोघं माझ्याशी बोलेनासे झाले, आणि ओळख दुसऱ्या कुणीतरी करून दिली. टाळ्या भरपूर पडल्या.

उन्नती आली होती. मागच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर मेहुल गळ्यातला हार काढत आमच्याकडे आला. माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. तो सरळ झाला आणि हसून उन्नतीकडे वळला.

"काय चाललंय सध्या?"

"एक्स-रे काढते, सर," ती म्हणाली. "पुढची तारीख चौदाला आहे. मागच्या तीन वेळा तुम्ही आला नव्हतात. यावेळी याल ना? तुम्ही नसलात की कोर्ट पुढची तारीख देतं. मला सुट्टी काढून बसावं लागतं."

मेहुलनं आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहिलं. "वकिलांशी बोलतो," म्हणाला आणि समितीच्या लोकांकडे गेला.

चौदाला तो आला नाही. उन्नती सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसली होती. मी तिच्याबरोबर होते. तिनं मला बोलावलं नव्हतं, पण मी जाऊन बसले, आणि तिनं जा म्हटलं नाही.